नगण्य पिंडाचा इतिहास

विज्ञानाचा इतिहास मराठीत बहुधा शोधांच्या तारखांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. गुरुत्वीय लहरींच्या बाबतीतही हेच घडले. १९१६ साली आइन्स्टाइनने भाकीत केले, १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील 'लायगो' या वेधशाळेने ते खरे ठरवले, ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ही वार्ता जगाला कळली. अशी दोन टोके सरळ रेषेने जोडली की आपला लेख पूर्ण होतो. मधल्या शंभर वर्षांत काय झाले, हा प्रश्न मागे राहतो. आणि ज्या शोधाची तारीख अद्याप उगवलेलीच नाही, त्याचा इतिहास लिहिता येतो की नाही, हा प्रश्न तर विचारलाही जात नाही.

प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका प्रकरणाचा मागोवा घेणार आहोत. आकाशगंगांच्या केंद्रस्थानी लक्षावधी सूर्यांच्या वस्तुमानाची कृष्णविवरे असतात. एखादा लहान पण अतिशय घन पिंड अशा कृष्णविवराच्या कक्षेत सापडला, तर तो त्याच्याभोवती घिरट्या घालत, गुरुत्वीय लहरींच्या रूपाने ऊर्जा गमावत, हळूहळू आत ओढला जातो. या घटनेच्या लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून अभ्यासक तिला 'एम्री' म्हणतात. अशा एका घटनेतून निघालेली लहर आजवर कोणत्याही उपकरणाने निर्विवादपणे टिपलेली नाही. तरीही तिच्या गणिताला अर्धशतकाहून अधिक इतिहास आहे, आणि आमच्या मते गुरुत्वीय लहरींच्या एकूण इतिहासात विचारांच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध प्रकरण हेच आहे.

प्रथम प्रमाणाची कल्पना घेऊ. दहा सूर्यांच्या वस्तुमानाच्या कृष्णविवराची त्रिज्या सुमारे ३० किलोमीटर, म्हणजे मुंबईतला एखादा लोकलचा प्रवास. दहा लक्ष सूर्यांच्या वस्तुमानाच्या कृष्णविवराची त्रिज्या सुमारे ३० लाख किलोमीटर, सूर्याच्या त्रिज्येच्या चौपटीहून अधिक. पहिले दुसऱ्याभोवती फिरते. एरवी आपल्या सूर्यासारखा तारा एवढ्या जवळ गेला तर भरतीच्या ओढीने त्याच्या चिंधड्या होतात. म्हणून हा प्रवास करू शकणारे प्रवासी मोजकेच: श्वेत बटू, न्यूट्रॉन तारा किंवा लहान कृष्णविवर. मोठे कृष्णविवर स्वतःभोवती फिरत नसेल, तर कोसळण्यापूर्वीच्या शेवटच्या स्थिर कक्षेत या लहान पिंडाची एक फेरी साडेसात मिनिटांच्या आसपास पूर्ण होते. अखेरच्या एका वर्षात त्याच्या काही दहा हजारांपासून लाखापर्यंत फेऱ्या होतात. २०१५ साली 'लायगो'ने ऐकलेला संकेत एका सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढा होता. त्याच्याशी तुलना करता ही घटना म्हणजे रात्रभर चालणारे कीर्तनच म्हणावे लागेल.

संशयाची चाळीस वर्षे

या इतिहासाची सुरुवात मात्र लहरींच्या अस्तित्वाविषयीच्या संशयाने झाली. आइन्स्टाइनच्या १९१६ च्या निबंधात चूक होती. ती त्याने १९१८ साली दुरुस्त केली. १९२२ मध्ये एडिंग्टनने दाखवले की या लहरींपैकी काही प्रकार हे निव्वळ सहनिर्देशकांच्या निवडीतून उद्भवलेले भास आहेत. त्यांचा वेग आपण मानू तेवढा. उरलेल्या प्रकाराला एडिंग्टनचा आक्षेप नव्हता, तरी संशयाचे बीज पडले ते पडलेच. १९३६ साली खुद्द आइन्स्टाइनने नेथन रोझन यांच्यासमवेत अशा लहरी असूच शकत नाहीत, असे प्रतिपादन करणारा निबंध 'फिजिकल रिव्ह्यू'कडे पाठवला. संपादकांनी तो एका परीक्षकाकडे दिला, परीक्षकाने चूक दाखवली, आणि आइन्स्टाइनने संतापून निबंध परत घेतला. तो परीक्षक एच. पी. रॉबर्टसन हा गणिती होता, हे २००५ साली निश्चित झाले. पुढे निबंध दुसऱ्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला तेव्हा त्याचा निष्कर्ष बदललेला होता. नियतकालिकांच्या परीक्षण-पद्धतीवर ज्यांचा राग आहे अशा आमच्या प्राध्यापक मित्रांनी हा प्रसंग जरूर ध्यानात ठेवावा.

संशय मिटायला १९५७ साल उजाडावे लागले. अमेरिकेतील चॅपेल हिल येथील परिषदेत फाइनमनने एक साधा युक्तिवाद मांडला. एका काठीवर मणी ओवले आहेत आणि ते काठीला किंचित घासत सरकू शकतात. लहर आली तर मणी मागेपुढे होतील, घर्षणाने काठी तापेल. उष्णता आली त्याअर्थी ऊर्जा आली, आणि ऊर्जा आणणारी लहर भास असू शकत नाही. याच सुमारास हर्मन बाँडी यांनीही असाच विचार मांडला. परिषदेला हजर असलेल्या जोसेफ वेबर यांनी पुढे ॲल्युमिनियमची प्रचंड दंडगोले उभारून लहरी शोधण्याचा ध्यास घेतला. १९६९ मध्ये त्यांनी यशाचा दावा केला; इतर कोणालाही त्याचा पडताळा आला नाही. पण वेबर यांच्या अपयशी दाव्यानेच एका पिढीला हा प्रश्न प्रयोगशाळेत सोडवता येण्याजोगा वाटू लागला, हे नाकारता येत नाही.

परीक्षण-कण आणि त्याचे नगण्यपण

आता लहान पिंडाकडे वळू. व्यापक सापेक्षतेच्या गणितात 'परीक्षण-कण' नावाचे एक सोयीचे पात्र पहिल्यापासून वावरते आहे. मोठ्या वस्तूभोवतीचे अवकाशकाल कसे वाकले आहे हे जाणण्यासाठी त्यात एक कण सोडायचा आणि तो कसा जातो ते पाहायचे. अट एकच: कणाला स्वतःचे असे गुरुत्व नाही असे धरायचे. तो फक्त साक्षीदार. त्याच्या असण्याने मूळ दृश्यात काहीही बदल होत नाही.

मराठीत यासाठी 'नगण्य' हा अचूक शब्द आहे. न-गण्य, म्हणजे गणनेत न धरण्याजोगे. गंमत अशी की 'गणित' हा शब्दही त्याच धातूपासून आलेला आहे. ज्याला गणतीबाहेर ठेवले त्यालाच पुढे गणितात घ्यावे लागले, हे या इतिहासाचे सार आहे, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

१९५७ मध्ये रेजी आणि व्हीलर यांनी कृष्णविवराला, त्या काळी हा शब्द रूढ नव्हता, बारीकसा धक्का दिला तर काय होईल याची समीकरणे मांडली. ती पुढे नेणाऱ्यांत बंगळूरचे सी. व्ही. विश्वेश्वरा होते. मेरीलँड विद्यापीठात चार्ल्स मिझनर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केलेल्या या तरुणाने १९७० साली 'नेचर'मध्ये एक छोटा निबंध लिहिला. कृष्णविवरावर लहरींचा एक झोत सोडला तर परत काय येते, हा त्याचा प्रश्न. आणि उत्तर असे की, घंटेवर टोला द्यावा आणि नाद घुमून विरत जावा, तशी विरत जाणारी कंपने परत येतात. नादाची पट्टी आणि विरण्याचा वेग टोला कसा दिला यावर अवलंबून नसतात, ते कृष्णविवराचे स्वतःचे असतात. २०१५ च्या संकेताचा शेवट याच नादाशी जुळणारा होता. ती बातमी ऐकण्यासाठी विश्वेश्वरा हयात होते. जानेवारी २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९७१ मध्ये डेव्हिस, रूफिनी, प्रेस आणि प्राइस यांनी याच समीकरणांत एक लहान कण सोडला: दूरवरून सरळ रेषेत, थेट कृष्णविवरात पडणारा. पडताना तो किती लहरी सोडतो? उत्तर निराशाजनक होते. कण मोठ्या विवरापेक्षा लाखपटीने लहान असेल, तर त्याच्या एकूण वस्तुमान-ऊर्जेपैकी सुमारे एक कोट्यंश एवढाच वाटा लहरींच्या रूपाने बाहेर येतो. सरळ पडणारा पिंड जवळजवळ मुकाट्याने नाहीसा होतो. पण तोच पिंड सावकाश घिरट्या घालत आत गेला, तर हिशेब पालटतो: न फिरणाऱ्या कृष्णविवराभोवती सुमारे पावणेसहा टक्के, आणि अतिवेगाने फिरणाऱ्या विवराभोवती चाळीस टक्क्यांपर्यंत ऊर्जा बाहेर पडू शकते. कणाचे लहानपण दोन्हीकडे सारखेच. फरक पडतो तो रेंगाळण्याने. जो हजारो फेऱ्या मारतो तोच बोलतो.

निसर्गातील कृष्णविवरे फिरणारी असतात. त्यांचे अचूक वर्णन रॉय कर यांनी १९६३ मध्ये शोधले. अशा विवराभोवती कणाची कक्षा एका प्रतलात राहत नाही. ती पुढे सरकते, डोलते, गुंडाळलेल्या सुताच्या गुंड्यासारखी सर्व बाजूंनी भरत जाते. अशी कक्षा गणिताने पकडता येईल की नाही हीच शंका होती. १९६८ मध्ये ब्रँडन कार्टर यांनी ऊर्जा आणि कोनीय संवेग यांच्या जोडीला एक तिसरी अचल राशी दाखवून दिली आणि तो गुंता सुटला. १९७३ पर्यंत सॉल ट्युकोल्स्की यांनी फिरणाऱ्या विवराच्या कंपनांचे समीकरण दिले. तेव्हा असे वाटले असावे की तत्त्वाचे प्रश्न संपले, आता उरली ती आकडेमोड.

स्वतःच्या भूतकाळाचा धक्का

प्रत्यक्षात सर्वांत कठीण प्रश्न तेथून सुरू झाला. कण लहरी सोडतो म्हणजे ऊर्जा गमावतो. ऊर्जा गमावतो म्हणून त्याची कक्षा आकसते. पण ही कक्षा आकसवणारे बल त्याच्यावर नेमके कोण लावते? उत्तर एकच संभवते: त्याचे स्वतःचे क्षेत्र. परीक्षण-कणाची मूळ अटच येथे मोडते. साक्षीदाराला प्रकरणात पक्षकार म्हणून उभे करावे लागते.

विद्युतभारित कणासाठी, सपाट अवकाशात, हा प्रश्न डिरॅक यांनी १९३८ मध्ये हाताळला होता. वक्र अवकाशकालात विद्युतभाराच्या बाबतीत तो डिविट आणि ब्रेमी यांनी १९६० मध्ये सोडवला. गुरुत्वासाठीचे उत्तर १९९७ मध्ये आले: मिनो, सासाकी आणि तानाका या जपानी अभ्यासकांनी, आणि स्वतंत्रपणे क्विन व वॉल्ड यांनी ते दिले. या उत्तरातील एक बाब इतिहासाच्या अभ्यासकाला खिळवून ठेवणारी आहे. कणाने पूर्वी सोडलेल्या लहरींचा काही भाग मोठ्या विवराच्या वक्रतेवर आपटून विखुरतो आणि फिरून कणापाशी येतो. म्हणून या क्षणी कणावर पडणारे बल केवळ या क्षणाच्या स्थितीवरून काढता येत नाही. त्यासाठी त्याच्या सबंध पूर्वायुष्याची बेरीज करावी लागते. आपण कोठून, कसे आलो, याचा हिशेब या पिंडाला पदोपदी चुकवावा लागतो.

अडचण आणखी एक होती. कणाच्या ठिकाणीच त्याचे क्षेत्र अनंत होते. मग त्यातून परिणाम करणारा भाग निराळा कसा काढायचा? २००३ मध्ये डेटवाइलर आणि व्हाइटिंग यांनी त्या क्षेत्राची फोड करून दाखवली. एक भाग अनंत, पण कणाला ढकलण्यास असमर्थ. दुसरा सौम्य, आणि सर्व परिणाम त्याचाच. हा सौम्य भाग मोठ्या विवराच्या अवकाशकालात मिळवला, तर कण त्या एकत्रित अवकाशकालात पुन्हा मुक्तपणे, कोणत्याही बलाशिवाय, सरळात सरळ वाटेने चाललेला दिसतो. म्हणजे तो मुक्तच असतो. मात्र ज्या भूमीवरून तो चालतो तिचा काही अंश त्याने स्वतः घडवलेला असतो.

या प्रश्नावर काम करणाऱ्यांची वार्षिक परिषद १९९८ मध्ये सुरू झाली. तिचे नाव 'काप्रा परिषद'. पहिली बैठक कॅलिफोर्नियात, चित्रपट-दिग्दर्शक फ्रँक काप्रा यांच्या एकेकाळच्या शेतवाडीवर भरली होती. काप्रा हे कॅलटेकचे माजी विद्यार्थी, आणि ती जागा पुढे त्या संस्थेकडे आली होती. नगण्य माणसाच्या असण्याने जगात काय फरक पडतो या विषयावर चित्रपट काढणाऱ्या दिग्दर्शकाचे नाव या परिषदेला मिळावे, हा योगायोग होय. त्यातून आम्ही अधिक अर्थ काढत नाही. बैठका मात्र पुढेही भरत राहिल्या. फिरत्या कृष्णविवराभोवतीच्या सर्वसाधारण कक्षेसाठी पहिल्या पायरीचे स्वबल २०१८ मध्ये काढता आले. दुसऱ्या पायरीची पहिली फळे २०२० नंतर हाती येऊ लागली.

ऐकण्यासाठी आधी माहीत असावे लागते

एवढी काटेकोर आकडेमोड कशासाठी? कारण हा संकेत अतिशय क्षीण आहे. तो उपकरणाच्या खरखरीत पुरता बुडालेला असेल. तो वर काढण्याचा उपाय असा की, अपेक्षित संकेताचा नमुना आधीच तयार ठेवायचा आणि नोंदींवरून तो फिरवत जायचा. जेथे जुळेल तेथे संकेत. लाखभर फेऱ्यांमध्ये नमुना अर्ध्या फेरीने जरी चुकला, तरी जुळणी बिघडते. जे ऐकायचे ते आधी लिहून ठेवावे लागते. ज्याचा नमुना नाही, त्याचा संकेत येऊन गेला तरी कळणे दुरापास्त.

आणि जुळले तर मिळणारे फळही तेवढेच मोठे. १९९५ मध्ये फिंटन रायन यांनी दाखवले की या लहरींमध्ये मोठ्या पिंडाच्या आकाराचा सविस्तर नकाशा दडलेला असतो. सिद्धान्त सांगतो की कृष्णविवराची ओळख दोनच गोष्टींनी पटते, वस्तुमान आणि फिरणे. बाकी सर्व तपशील त्या दोहोंवरून ठरतात. लहान पिंडाच्या लाखभर फेऱ्यांतून हे तपासता येईल. तपासात ते खोटे ठरले, तर आकाशगंगांच्या केंद्रांत आपण जे कृष्णविवर समजतो ते दुसरेच काही असेल, किंवा आइन्स्टाइनचा सिद्धान्त तेथे अपुरा असेल. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातील सुमारे ४० लक्ष सूर्यांच्या वस्तुमानाच्या पिंडाविषयीच्या संशोधनाला २०२० साली नोबेल पुरस्कार मिळाला. राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांच्या मानपत्रात 'कृष्णविवर' हा शब्द टाळून 'अतिवस्तुमानी संहत पिंड' अशा आशयाची सावध शब्दयोजना केलेली आहे. ती सावधगिरी कोठवर बाळगायची, याचा निकाल या लहान साक्षीदाराच्या जबानीवर अवलंबून आहे.

ही जबानी पृथ्वीवर घेता येणार नाही. लहर मिनिटामिनिटांनी वरखाली होणारी, आणि एवढ्या मंद कंपनांच्या पट्ट्यात जमीनच सतत हलत असते. म्हणून तीन यानांचा त्रिकोण अवकाशात उभारायचा, ही 'लिसा'ची कल्पना. १९९३ मध्ये ती युरोपीय अवकाश संस्थेपुढे आली. २०११ मध्ये पैशाअभावी अमेरिकेची 'नासा' भागीदारीतून बाहेर पडली आणि प्रकल्प जवळजवळ बुडाला. ३ डिसेंबर २०१५ रोजी सोडलेल्या 'लिसा पाथफाइंडर' या चाचणी-यानाने तंत्र साध्य असल्याचे दाखवले, २०१७ मध्ये 'लिसा'ची निवड झाली, 'नासा' पुन्हा सामील झाली, आणि २५ जानेवारी २०२४ रोजी प्रकल्पाला अंतिम स्वीकृती मिळाली. प्रक्षेपण २०३५ मध्ये योजलेले आहे. त्रिकोणाची प्रत्येक बाजू २५ लाख किलोमीटर असेल, आणि तो पृथ्वीपासून सुमारे पाच कोटी किलोमीटरवरून सूर्याभोवती फिरेल.

या त्रिकोणाच्या बाजू कधीच समान राहणार नाहीत, त्यामुळे लेसरचा स्वतःचा गोंगाट आपोआप कटणार नाही. तो घालवण्यासाठी वेगवेगळ्या वेळांच्या नोंदी पुढेमागे सरकवून एकत्र करण्याची पद्धत आहे. तिला भक्कम बीजगणिती पाया देणारा एक महत्त्वाचा निबंध २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे एक लेखक पुण्याच्या 'आयुका'तील संजीव धुरंधर. याच धुरंधरांनी १९९१ मध्ये बी. एस. सत्यप्रकाश यांच्याबरोबर नमुन्यांच्या जुळणीसंबंधी पायाभूत काम केले होते. हिंगोली जिल्ह्यातील औंढा येथे उभारण्यात येणाऱ्या 'लायगो-इंडिया'ला एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारची पूर्ण मंजुरी मिळाली, हे आपल्या वृत्तपत्रांतून वाचले गेले. ती वेधशाळा एम्रीच्या लहरी ऐकू शकणार नाही, तिचा पट्टा निराळा. परंतु त्या ऐकण्याच्या गणितात पुण्याचा वाटा आधीच जमा आहे.

आपल्या भाषेपुरते

साहित्याच्या अभ्यासकांनी या प्रकरणात का डोकवावे? एक कारण आपल्याच वाङ्मयेतिहासात आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली 'कृष्णविवर' नावाची कथा पहिली आली. लेखक नारायण विनायक जगताप. हे नाव टोपणनाव होते. आद्याक्षरे उलटी वाचली की ज. वि. ना., अर्थात जयंत विष्णू नारळीकर, निघतात. परीक्षकांनी नावाकडे न पाहता लेखन पाहावे म्हणून त्यांनी ही योजना केली. पुढे 'आयुका'चे संस्थापक संचालक झालेले आणि २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणारे नारळीकर २० मे २०२५ रोजी निवर्तले. फिरत्या विवराच्या समीकरणाला फार काळ झाला नव्हता, तेव्हा मराठी वाचकाच्या हाती हा शब्द कथेच्या रूपाने आला होता, हे आपण विसरतो.

दुसरे कारण सावधगिरीचे. आपल्या समीक्षेत 'कृष्णविवर' हा शब्द आता सर्व काही गिळणाऱ्या कशासाठीही वापरला जातो: सत्ता, बाजारपेठ, नैराश्य. या प्रतिमेत जवळ गेलेला प्रत्येकजण मुकाट नाहीसा होतो. वर पाहिलेले गणित निराळे सांगते. मुकाट नाहीसा होतो तो सरळ पडणारा. जो फिरत राहतो तो वर्षानुवर्षे बोलतो, आणि त्याच्या बोलण्यावाचून त्या मोठ्या काळोखाचा आकारही समजत नाही. प्रतिमा वापरायचीच, तर पुरती समजून घेऊन वापरावी, एवढेच आमचे मागणे.

आणि तिसरे, इतिहासलेखनाचे. ज्यांनी हे गणित मांडले त्यांतील अनेकांना तो संकेत ऐकायला मिळणार नाही. रेजी, व्हीलर, विश्वेश्वरा, डेटवाइलर आज नाहीत. 'लिसा' ठरल्याप्रमाणे उडाली आणि संकेत मिळाला, तर एक तारीख जन्माला येईल आणि लेखांतून तीच छापली जाईल. वर्षाला अशा किती घटना ऐकू येतील याचे अंदाज काहींपासून काही हजारांपर्यंत पसरलेले आहेत. ती तारीख कदाचित येणारही नाही. पण एखाद्या गोष्टीला नगण्य म्हणणे ही पहिली पायरीची सोय असते, आणि पुढच्या पायरीवर तिची गणना करावीच लागते, ही समज या अभ्यासकांनी साठ वर्षे राबून मिळवली. तिला तारीख नाही. इतिहास मात्र आहे, आणि तो आताच लिहून ठेवला पाहिजे.